धूर की धुकं? गोव्यातल्या घरांसाठी गरम आणि थंड फॉगिंगची पारख

गणेशचवथीच्या आधीच्या पंधरवड्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत पेस्ट कंट्रोलवाल्यांना उसंत नसते. घराची साफसफाई झालेली असते, मुंबई-पुण्याची माणसं यायची असतात आणि डासांनी उच्छाद मांडलेला असतो. फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘धूर मारणार ना?’ समोरचा म्हणाला की आम्ही थंड फॉगिंग करतो, धूर फारसा दिसणार नाही, तर गिऱ्हाईक खट्टू होतं. घर पांढऱ्या ढगात बुडालं नाही म्हणजे आपल्याला फसवलं, असा समज घट्ट बसला आहे. खरं तर धुराचा दाटपणा आणि डास मरणं यांचा थेट संबंध नाही. मशीनमधून नुसतं डिझेल सोडलं तरी ढग तेवढाच दाट निघतो.

दोन्ही तऱ्हेच्या मशीनबद्दल आमचं मत आधीच सांगून टाकतो. राहतं घर, हॉटेलची खोली, दुकान, दवाखाना यांना थंड. मोठं कंपाउंड, झाकलेलं गटार, कुळागर (माडापोफळींची बागायत), बांधकामाचं तळघर यांना गरम. झुरळं, ढेकूण, वाळवी यांच्यासाठी यांतलं कुठलंच नको, कुणी कितीही स्वस्तात देऊ केलं तरी.

गरम मशीन

हातात धरायचं गरम मशीन म्हणजे पल्स-जेट इंजिन. आयजीईबाचं टीएफ ३५, स्विंगफॉगचं एसएन ५०, पल्सफॉगचं के-१० ही जर्मन मशीनं, आणि त्यांच्यावरून बेतलेली चिनी, देशी मशीनं, या सगळ्यांचा गाभा एकच. पिस्टन नाही, फिरणारा भाग नाही. छोट्या ज्वलनकक्षात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण सेकंदाला ऐंशी-शंभर वेळा पेटतं. तो गरम वायू लांब नळीतून बाहेर फेकला जातो आणि नळीच्या तोंडाशी औषधाचं मिश्रण त्यात सोडलेलं असतं. मिश्रणाची वाफ होते, बाहेरच्या हवेत ती लगेच निवते आणि बारीक थेंबांचा ढग तयार होतो. आपण ज्याला धूर म्हणतो ते मुख्यतः हे तेलाचे थेंब असतात.

मिश्रण बहुधा डिझेलमधलं. डासनियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचं जुनं प्रमाण सगळ्यांना पाठ आहे: तांत्रिक, म्हणजे पातळ न केलेलं, मॅलाथिऑन हे कीटकनाशक १ लिटर आणि डिझेल १९ लिटर. घरातल्या फवारणीसाठी २ टक्के पायरेथ्रम अर्क १ भाग आणि केरोसीन १९ भाग. सायफेनोथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांची प्रमाणं वेगळी असतात आणि ती डब्यावरच्या लेबलावरूनच घ्यायची. ‘थोडं जास्त घालतो, पक्कं काम होईल’ म्हणणारा माणूस तुमच्या फुप्फुसांवर प्रयोग करतो आहे.

पाण्यात मिसळूनही गरम फॉगिंग होतं, पण त्यासाठी ग्लायकोलसारखं काही तरी धरून ठेवणारं द्रव्य लागतं. नाही तर पाणी उष्णतेने उडून जातं आणि ढगही पातळ दिसतो. पातळ ढग पाहून गिऱ्हाईक कुरकुरतं, म्हणून पुष्कळ जण पुन्हा डिझेलकडे वळतात. बाजार असा चालतो.

मशीन चालवण्याचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण अपघात या क्रमात घोळ झाला की होतात. औषधाचा कॉक बंद आहे ना, हे सगळ्यात आधी पाहायचं. मिश्रण गाळून भरायचं. दोन्ही टाक्यांची झाकणं आवळून बसवायची, कारण औषधाची टाकी दाबावर चालते आणि झाकणाखालचं रबर चिरलेलं असेल तर इंजिन गर्जत राहतं पण नळीतून काही येत नाही. हातपंपाने पेट्रोल वर आणायचं, स्पार्कचं बटण दाबून पंप मारत राहायचं. इंजिन एकसुरात धडधडू लागलं की एक-दोन मिनिटं तसंच तापू द्यायचं. मग कॉक उघडायचा. घाईने आधीच उघडला तर थंड नळीतून ओला फवारा येतो आणि डिझेलचे डाग पडतात.

बंद करताना उलट. आधी कॉक बंद, मग नळीतला उरलासुरला धूर निघून जाईपर्यंत इंजिन चालू, मग इंजिन बंद, शेवटी झाकण हळूच सैल करून दाब सोडायचा.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. कॉक उघडा असताना इंजिन मध्येच बंद पडलं तर टाकीतला दाब तसाच असतो. लालबुंद नळीवर डिझेल ठिबकत राहतं आणि तोंडाशी ज्वाळा निघू शकते. चांगल्या मशीनमध्ये इंजिन थांबताच औषध आपोआप तोडणारी झडप असते. स्वस्त मशीनमध्ये ती नसते किंवा असून अडकलेली असते. मशीन पारखताना आम्ही ही झडप पहिली पाहतो, टाकीचा आकार आणि वॉरंटी नंतर. इंजिन थांबलं तर चालवणाऱ्याने आधी कॉक बंद करून मगच पुन्हा सुरू करायला हवं. तो तसं करतो का, एवढं पाहिलं तरी त्याचं शिक्षण कळतं.

भरलेलं मशीन बारा-चौदा किलोच्या घरात जातं, आवाज शंभर डेसिबलच्या आसपास. कानावर मफ नसलेला माणूस रोज हे काम करत असेल तर त्याचे कान काही वर्षांत गेलेच म्हणून समजा.

थंड मशीन

थंड फॉगिंग, म्हणजे धंद्यातल्या भाषेत यूएलव्ही (अल्ट्रा लो व्हॉल्यूम, अगदी थोड्या द्रवाची फवारणी). हातातलं मशीन विजेवर चालतं: साधारण ८०० ते १४०० वॉटची मोटर, त्यावर जोरात फिरणारा ब्लोअर, चार-सहा लिटरची टाकी आणि हवेला भोवरा देणारा नोझल. उष्णता नाही, ज्वाला नाही. जोरदार हवेच्या झोताने द्रवाचे तुकडे होतात. औषध पाण्यात मिसळतं, डिझेल लागत नाही, त्यामुळे भिंतीवर काजळी नाही, फरशीवर तेलकट थर नाही आणि पडद्यांना आठवडाभर वास नाही.

याचा कच्चा दुवा म्हणजे थेंबाचा आकार. नोझलजवळच्या नॉबने प्रवाह कमी-जास्त होतो, आणि प्रवाह वाढवला की थेंब जाड होतात. ही गोष्ट इतकी मोलाची आहे की थोडं थांबून हिशेब करू.

उडत्या डासाला लागण्यासाठी थेंब १० ते २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असावा लागतो. १० मायक्रॉनचा थेंब शांत हवेत सेकंदाला सुमारे ३ मिलिमीटर खाली येतो. म्हणजे तीन मीटर उंचीवरून जमिनीवर यायला त्याला पंधरा-सोळा मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ तो डासाच्या वाटेत तरंगत असतो. २० मायक्रॉनचा चारेक मिनिटांत खाली येतो. ५० मायक्रॉनचा थेंब चाळीस सेकंदांत फरशीवर. शिवाय एका ५० मायक्रॉनच्या थेंबात जेवढं औषध असतं तेवढ्यात १० मायक्रॉनचे १२५ थेंब होतात. नॉब पूर्ण उघडून ‘भरपूर मारलं’ म्हणणारा कामगार प्रत्यक्षात फरशी पुसत असतो.

घरच्या घरी तपासायचं असेल तर नोझलपासून अडीच-तीन मीटरवर कोरडी काच उभी धरा. पाच सेकंदांत काच भिजून ओघळ आले तर थेंब जाड आहेत. नुसती धूसर झाली तर ठीक. हीच कसोटी गरम मशीनलाही लावता येते. तिथे काचेऐवजी कागद धरला तर तेलाचे ठिपके उमटतात.

गावाकडच्या घरात आणखी एक अडचण येते ती व्होल्टेजची. सत्तरीत, सांग्यात संध्याकाळी दाब उतरला की ब्लोअरचा वेग पडतो आणि नॉब होता तिथेच असताना थेंब जाड होतात. पन्नास फुटांची बारीक एक्स्टेन्शन वायर लावली तरी तेच. आवाजावरून कळतं: मोटरचा सूर खाली आला की काम थांबवावं. जाड वायर आणि शक्यतो मीटरजवळचा पंधरा अँपिअरचा प्लग वापरावा. मोटर सलग रेटायची नाही. मशीनच्या पुस्तिकेत चालवायचा आणि विश्रांतीचा वेळ दिलेला असतो. तो न पाळणाऱ्यांची मोटर जळते आणि मग दुकानदाराच्या नावाने खडे फोडतात.

गोव्यातली हवा मात्र थंड फॉगिंगच्या बाजूची आहे. पाण्याचा बारीक थेंब कोरड्या हवेत काही सेकंदांत सुकून नाहीसा होतो. पावसाळ्यात आपल्याकडे हवा इतकी दमट असते की थेंब जास्त टिकतो. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दुपारी हाच फायदा राहत नाही. तेव्हा बाष्पीभवन रोखणारं द्रव्य मिश्रणात असलेलं बरं, किंवा काम सरळ सकाळी घ्यावं.

पाठीवरचा पेट्रोलचा मिस्ट ब्लोअर म्हणजे यूएलव्ही नव्हे. बागायतीत फवारणी करायला तो उत्तम, पण त्याचा थेंब फार मोठा. ‘आमच्याकडे पेट्रोलवरचं थंड फॉगिंग आहे’ असं सांगून हाच ब्लोअर हॉलमध्ये आणणारे आहेत. घरात पाऊस पडल्यासारखं झालं की ओळखावं.

कुठे काय

जुनं कौलारू घर घेऊ. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, मधे माळा, पुढे बाल्कांव किंवा सोपा, काही घरांत चौक. कौलांच्या फटींतून हवा सतत वर जाते. गरम धूर तर गरमच असतो, तो आणखी वेगाने वर चढतो आणि दहा मिनिटांत छपरातून निघालेला दिसतो. शेजारी म्हणतात काय जबरदस्त काम झालं! डास मात्र पलंगाखाली, कपाटामागे, न्हाणीत लटकवलेल्या कपड्यांत बसलेला. डेंग्यूचा एडिस ईजिप्टाय विशेषकरून असाच काळोख्या कोपऱ्यांत, कमरेच्या उंचीखाली विसावतो. थंड मशीनचा नोझल तिथवर नेता येतो, पलंगाखाली वळवता येतो, दर खोलीत तीस सेकंद देता येतात. कौलारू घरात आम्ही थंडच सुचवतो.

खोलीचा हिशेब साधा आहे. बारा बाय बारा फूट, दहा फूट उंच, म्हणजे सुमारे ४१ घनमीटर. थंड मशीनचा प्रवाह मिनिटाला १०० मिलिलिटर ठेवला तर अर्ध्या मिनिटात ५० मिलिलिटर मिश्रण जातं. एवढं पुष्कळ झालं. गरम मशीनचा प्रवाह ताशी २० लिटर धरला तर ते सेकंदाला साडेपाच मिलिलिटर फेकतं, म्हणजे दहा सेकंदांत ५५. त्या मशीनने खोलीत मिनिटभर उभा राहणारा माणूस सहापट ओततो, आणि बंद खोलीत तेलाचा इतका दाट ढग पेट घेऊ शकतो. पुस्तिकेत दर घनमीटरची कमाल मर्यादा असते ती याचसाठी. देवघरातली समई, फ्रिज, गॅसचा पायलट, इन्व्हर्टर, ठिणगी कुठूनही मिळते.

चवथीचं घर असेल तर फॉगिंग गणपतीवरची माटोळी बांधायच्या आधी उरकावं. फळं, भाज्या, रानातल्या वेली वर टांगल्यावर त्यांवर औषध बसू देण्यात अर्थ नाही, ती नंतर खाल्ली जातात. विहिरीवर जाळी असली तरी ताडपत्री टाका.

फ्लॅटमध्ये प्रश्नच नाही, थंड. गरम धूर जिन्यातून वरच्या मजल्यावर जातो आणि कोणी तरी अग्निशमन दलाला फोन करतं. कळंगुट-बागा पट्ट्यातल्या हॉटेलांत धुराचे डिटेक्टर असतात. काम सुरू होण्याआधी ते झाकायचे आणि संपल्यावर झाकण काढायचं. दुसरी पायरी विसरली जाते, म्हणून खोल्यांच्या यादीवर त्यासाठी वेगळा रकाना ठेवावा.

किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये, म्हणजे झावळ्यांच्या खाणावळीत, गरम मशीन आणू नये. वर सुक्या झावळ्या, बांबू, मागे गॅसचे सिलिंडर आणि हातात लालभडक नळी. तिन्ही बाजूंनी उघड्या जागेत थंड धुकंही टिकत नाही, समुद्रावरचा वारा ते पाच मिनिटांत घेऊन जातो. शॅकवाल्याने पैसे फॉगिंगऐवजी मागच्या सांडपाण्याच्या खड्ड्यावर, झाकणाच्या कचरापेट्यांवर आणि पंख्यांवर घालावेत. जोराच्या पंख्याखाली डास नीट उडू शकत नाही.

काजूच्या कारखान्यात किंवा गोदामात डिझेलचा धूर म्हणजे माल हातचा घालवणं. काजूगराला तेलाचा वास लगेच लागतो. उडणारे पतंग मारायचे असतील तर माल झाकून, रिकाम्या वेळी पाण्यातलं थंड फॉगिंग. पोत्यात शिरलेल्या भुंग्यांना आणि अळ्यांना कुठलंच फॉगिंग पोचत नाही. त्यासाठी फ्युमिगेशन, म्हणजे विषारी वायू कोंडणं, लागतं आणि ते वेगळ्या परवान्याचं, जिवावरचं काम आहे.

गरम मशीनचा मान राखायची जागा म्हणजे कुळागर आणि बांधकाम. माडापोफळींच्या दाट सावलीत हवा स्थिर असते, धूर पानांखाली रेंगाळतो, आणि धूर दिसत असल्यामुळे कुठे पोचला, कुठे नाही हे चालवणाऱ्याला कळतं. हा दिसण्याचा फायदा खरा आहे, तो थंड मशीनला नाही. वीज न्यायची कटकटही नाही. अर्ध्या तासाला दहा लिटर मिश्रण लागेल असं धरा. बांधकामाच्या तळघरात, लिफ्टच्या खड्ड्याभोवती साचलेल्या पाण्यावर ॲनॉफिलिस स्टिफेन्साय वाढतो, गोव्यातल्या शहरी मलेरियाचा वाहक तोच. तिथे धूर मोठे डास मारतो, अळ्या नाही. पाण्यात बीटीआय (अळ्या मारणारा जिवाणू) किंवा गप्पी मासे सोडल्याशिवाय आठवड्यात नवी फौज तयार होते. कुळागरात पोफळीच्या गळलेल्या विऱ्या, नारळाच्या करवंट्या, रबराच्या झाडाला बांधलेल्या वाट्या यांतलं पाणी ओतलं नाही तर तीच गत. मासेमारीबंदीत जून-जुलैला ट्रॉलर धक्क्याला लागलेले असतात. त्यांच्या बाजूला बांधलेले टायर पाण्याने भरतात. त्यांना खालून भोक पाडणं हे कुठल्याही मशीनपेक्षा स्वस्त आणि टिकाऊ.

सत्तरीत माकडतापाच्या भीतीने जंगलाच्या कडेला धूर मारून घेणारे भेटतात. तो आजार गोचिडीतून येतो. पालापाचोळ्यात बसलेल्या गोचिडीला वरून जाणारा ढग लागत नाही.

झुरळांबद्दल एकच वाक्य: स्वयंपाकघरात फॉगिंग केलं की ती मरण्याऐवजी पांगतात, शेजारच्या खोलीत नवीन घर करतात, म्हणून तिथे जेल.

वेळ, वारा आणि ट्रक

बाहेरचं फॉगिंग पहाटे किंवा सूर्यास्ताच्या आसपास. भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढते आणि ढग घेऊन जाते. वारा अगदीच पडलेला असेल तर धूर पुढे सरकत नाही, ताशी पंधरा किलोमीटरच्या वर गेला तर फाटतो. झाडाची पानं हलतात पण फांद्या नाही, एवढा वारा चांगला. एडिस सकाळी आणि दुपार कलल्यावर चावतो, त्यामुळे डेंग्यूच्या वस्तीत रात्री नऊला येणारा ट्रक क्युलेक्स, म्हणजे रात्री चावणारे दुसरे डास, मारून जातो. बागेत मधमाश्या असतील तर उजाडण्याआधी किंवा अगदी मावळतीला.

पालिकेचा किंवा पंचायतीचा ट्रक आला की लोक धावत दारं-खिडक्या लावून घेतात. मग घरात बसलेला एडिस वाचतो. अन्नपाणी झाकून, लहान मुलं आणि दम्याचे रुग्ण लांब नेऊन, दारं उघडी ठेवली तरच त्या धुराचा उपयोग. घरातल्या कामात उलट: दारं-खिडक्या, पंखे, एसी बंद, अर्धा तास घर रिकामं, मग सगळं उघडून आणखी अर्धा-पाऊण तास वारा. फिशटँक असेल तर नुसतं झाकून भागत नाही, हवेचा पंपही बंद करावा लागतो, कारण तो खोलीतली हवा थेट पाण्यात ढकलतो. पायरेथ्रॉइड गटातली (सायफेनोथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी) औषधं माशांना आणि कोळंबीला अगदी कमी मात्रेत मारतात. खाजनाच्या (भरतीच्या पाण्याच्या बांधबंदिस्त सखल जमिनीच्या) कडेला घर असेल तर वारा मानशीकडे, म्हणजे तिथल्या पाण्याच्या दारांकडे, वाहत असताना काम नको.

सेवा बोलावताना

कोटेशनमध्ये ‘फॉगिंग’ एवढंच लिहिलेलं असेल तर परत पाठवा. मशीनचा प्रकार, औषधाचं नाव आणि टक्का, लिटरला किती मिलिलिटर, डिझेल की पाणी, किती वेळा, हे सगळं लिहून हवं. कीटकनाशक कायदा १९६८ आणि त्याखालच्या १९७१ च्या नियमांप्रमाणे पेस्ट कंट्रोलच्या धंद्याला परवाना लागतो, आणि त्यासाठी प्रशिक्षित माणूस लागतो. म्हैसूरच्या सीएफटीआरआय (केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था) यांसारख्या संस्थांत ते प्रशिक्षण मिळतं. परवान्याची प्रत मागितली की चांगला धंदेवाला लगेच देतो.

डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा. लेबलावरचा रंगीत त्रिकोण पाहा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. घरात लाल-पिवळं कशाला? बाटलीवर लेबल नसेल, पाण्याच्या बाटलीत औषध आणलं असेल तर तिथेच नमस्कार. डायक्लोरव्हॉस, जुने लोक डीडीव्हीपी म्हणतात, त्यावर भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी आहे. तीक्ष्ण वासाचं आणि ‘लगेच पडतात बघा’ म्हणून मारलं जाणारं औषध तेच असण्याची शंका घ्यावी.

कामगाराच्या तोंडावर रुमाल किंवा सर्जिकल मास्क असेल तर ती कंपनी माणसांवर पैसे वाचवते. लागतो तो सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज आणि धूलिकणांचं फिल्टर असलेला रेस्पिरेटर, शिवाय चष्मा, नायट्राइलचे हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे.

‘तीन महिन्यांची गॅरंटी’ ही फॉगिंगवर देताच येत नाही. ढग खाली बसला की काम संपलं. दोन्ही पद्धतींत मागे टिकणारा परिणाम जवळजवळ नसतो. गॅरंटी हवी असेल तर भिंतींवरची टिकाऊ फवारणी आणि पाण्यातल्या अळ्यांचं काम, दोन्ही करारात असायला हवं. डेंग्यूचा रुग्ण निघाल्यावर पहिलं फॉगिंग केलं तर आठवड्याने दुसरं लागतंच, कारण मधल्या काळात कोशातून नवे डास बाहेर पडतात.

स्वतःचं मशीन घ्यायचं असेल तर

चार-सहा व्हिला किंवा छोटं हॉटेल सांभाळणाऱ्याने विजेचं यूएलव्ही घ्यावं. देखभाल कमी. काम झालं की टाकीत साधं पाणी भरून दोन-तीन मिनिटं चालवायचं, टाकीतून औषध ओढणाऱ्या नळीच्या टोकाची जाळी धुवायची. पाण्यात न विरघळणारी पावडर यात घालू नये, नोझल बसतो. वर्षभरात मोटरचे कार्बन ब्रश झिजतात, ते स्वस्त असतात, आधीच एक जोड घेऊन ठेवावा.

जुनं घेत असाल तर जपून. २०२० मध्ये सॅनिटायझेशनसाठी अशी मशीनं ढिगाने विकली गेली आणि त्यांत हायपोक्लोराइट भरलं गेलं. क्लोरीनने आतल्या स्प्रिंगा आणि धातूचे भाग खाल्लेले असतात. नोझल खोलून हिरवट किंवा पांढरा थर दिसतो का पाहा. दिसला तर घासाघीस न करता निघा.

गरम मशीन घेतलंत तर इनटेकची पातळ पडदा-झडप जादा घेऊन ठेवा, सुरू न होण्याचं पहिलं कारण तीच. दुसरं कारण नळीतली काजळी, जी ब्रशने दर काही तासांच्या कामानंतर खरवडावी लागते. तिसरं आता जास्त दिसतं: पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते दमट हवेतलं पाणी ओढतं आणि टाकीत पडून राहिलं की पाण्याचा थर वेगळा होतो. जुनी रबरंही त्यात फुगतात. पाऊस संपल्यावर मशीन माळ्यावर टाकताना पेट्रोलची टाकी कोरडी करा, कार्ब्युरेटरमधलं संपेपर्यंत इंजिन चालवा आणि स्पार्कच्या बॅटऱ्या काढून ठेवा. औषधाच्या टाकीत उरलेलं मिश्रण गटारात किंवा व्हाळात ओतू नका. लागेल तेवढंच बनवलं असतं तर ते उरलंच नसतं.